हिरव्या पट्टीची तीस वर्षं

महाराष्ट्रातल्या शाळेत शिकलेल्या कुणालाही 'घटक चाचणी' म्हटलं की वीस-पंचवीस मार्कांचा तो छोटा पेपर आठवेल. त्यावर पास-नापास ठरत नसे, म्हणून घरीही कुणी फार मनावर घेत नसे. पण अपूर्णांक अजून डोक्यात शिरलेले नाहीत हे ऑगस्टातच उघडं पडायचं, त्यासाठी एप्रिलची वाट बघावी लागत नसे. सॉफ्टवेअरवाल्यांच्या 'युनिट टेस्ट'चं कामही हेच. प्रोग्रामचा एक बारका तुकडा, एखादं फंक्शन, बाकीच्यापासून सुटं काढायचं, त्याला ठरावीक आकडे द्यायचे आणि येणारं उत्तर अपेक्षेशी ताडून बघायचं. इथे पेपर तपासणाराही प्रोग्रामच असतो आणि तो दिवसातून शंभरदा न कुरकुरता तपासतो.

हे शंभरदा तपासणं गेल्या तीस वर्षांत जवळपास फुकट झालं. पेपर काढणं मात्र होतं तितकंच अवघड राहिलं.

कल्पना तशी बरीच जुनी आहे. डॅनियल मॅक्रॅकन यांच्या १९५७च्या पाठ्यपुस्तकात सल्ला आहे, की कोड लिहायला बसण्याआधी एक उदाहरण हाताने सोडवून ठेवावं, आणि ज्याचं काम आहे त्यानेच ते करून दिलं तर उत्तम. अमेरिकेच्या मर्क्युरी अंतराळ मोहिमेवरचे प्रोग्रामर अर्ध्या-अर्ध्या दिवसाचे तुकडे पाडून काम करत आणि प्रत्येक तुकड्याच्या चाचण्या आधी लिहीत. पुढे प्रकल्प अवाढव्य झाले, तपासणीचं वेगळं खातं झालं आणि ही सवय मागे पडली. ग्लेनफर्ड मायर्स यांनी १९७९च्या आपल्या पुस्तकाची सुरुवातच वाचकाची परीक्षा घेऊन केली. तीन पूर्णांक घेऊन त्रिकोण समभुज, समद्विभुज की विषमभुज हे सांगणारा प्रोग्राम आहे. त्याच्या चाचण्या लिहा. मग चौदा प्रश्न: शून्य बाजू दिली का? ऋण दिली का? १, २, ३ या बाजू दिल्या का, ज्यांची नुसती सरळ रेघ होते? मुरलेल्या प्रोग्रामरांनाही चौदापैकी सरासरी ७.८ गुण पडतात, असं मायर्सनी नोंदवलं. तरुणपणी मी हा पेपर सोडवला होता. गुण सांगत नाही.

आजच्या युनिट टेस्टचा वंश १९९४पासून सांगता येतो. त्या वर्षी केंट बेक यांनी स्मॉलटॉक भाषेतल्या चाचण्यांसाठी एक छोटी चौकट मांडली. १९९७मध्ये अटलांटाला एक परिषद होती. झुरिकहून तिकडे जाणाऱ्या विमानात बेक आणि एरिक गामा शेजारी बसले आणि एका लॅपटॉपवर तीच चौकट जावामध्ये उतरवू लागले. तीच जेयुनिट. चाचण्या चालवल्या की पडद्यावर एक पट्टी सरकायची. सगळं बरोबर आलं तर हिरवी, एक जरी चुकलं तरी लाल. कल्पना इतकी सोपी होती की बघता बघता प्रत्येक भाषेने आपापलं भावंड जन्माला घातलं. २००१मध्ये पायथनच्या मूळ संचातच एक येऊन बसलं.

बेक यांची 'एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग' ही कार्यपद्धती क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगारपत्रकाच्या प्रकल्पात घडली. तो प्रकल्प २०००मध्ये गुंडाळला गेला आणि टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं. पद्धत मात्र जगभर पसरली: आधी नापास होणारी चाचणी लिहा, ती पास होईल इतकाच कोड लिहा, मग तो नीटनेटका करा.

आमच्याकडे पुण्यात त्या वर्षांत काय चाललं होतं? वाय-टू-के. १९९८-९९ साली अमेरिकन बँका आणि विमा कंपन्यांचा कोबोल कोड इथे यायचा, दोन अंकी वर्षं शोधून दुरुस्त करायची. युनिट टेस्टिंग आम्हीही करत होतो, निदान कागदावर. ती एक्सेलची शीट असायची: केस क्रमांक, अपेक्षित निकाल, प्रत्यक्ष निकाल, पास. शेवटच्या रकान्यात 'फेल' लिहिलेलं मी क्वचितच पाहिलं. सोबत वर्डच्या फाइलमध्ये स्क्रीनशॉट चिकटवायचे, म्हणजे ऑडिटरला दाखवायला पुरावा. शीट एकदा भरली की संपली. महिन्याने त्याच प्रोग्राममध्ये एक ओळ बदलली तर ती चाळीस उदाहरणं पुन्हा हाताने कोण चालवणार? कुणीच नाही. शितावरून भाताची परीक्षा व्हायची. पण शिजलेलं एक शीत बाकीच्या भाताची खात्री देतं, कारण सगळा भात एकाच आचेवर असतो. कोडची गोष्ट तशी नसते.

म्हणून जेयुनिट पहिल्यांदा हाताळलं तेव्हा चुका सापडण्यापेक्षा मला अप्रूप वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. सोडून गेलेल्या माणसाचा कोड आता बिनधास्त बदलता येत होता. बदला, चालवा, हिरवं तर पुढे, लाल तर दोन मिनिटांपूर्वीचा स्वतःचा बदल मागे घ्या. मायकेल फेदर्स यांनी २००४मध्ये जुन्या कोडची व्याख्याच केली, की ज्याला चाचण्या नाहीत तो जुना, मग तो काल लिहिलेला का असेना. असा कोड हाती आला तर तो सध्या जे करतो तेच चाचणीत नोंदवून ठेवा, चूक असलं तरी, आणि मगच त्याला हात लावा, हा त्यांचा सल्ला मी अजून पाळतो.

या सवयीची किंमतही मोजली गेली आहे. मायक्रोसॉफ्टमधले तीन आणि आयबीएममधला एक अशा चार चमूंचा अभ्यास २००८मध्ये प्रसिद्ध झाला. आधी चाचणी लिहिणाऱ्या या चमूंमध्ये सॉफ्टवेअर बाहेर पडण्यापूर्वीच्या दोषांची घनता तशाच इतर प्रकल्पांपेक्षा ४० ते ९० टक्क्यांनी कमी होती. सुरुवातीचा वेळ, व्यवस्थापकांच्या अंदाजाने, १५ ते ३५ टक्के जास्त लागला. चारच चमू, त्यामुळे याला वेदवाक्य मानू नये. पण वेळ लागतच नाही असं सांगणाऱ्या उत्साही मंडळींपेक्षा हे आकडे मला प्रामाणिक वाटतात.

त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर २००८ला, मायक्रोसॉफ्टचं ३० जीबीवालं झून हे गाणी ऐकायचं खेळणं जगभर एकदम गोठलं. आतला कोड १९८०पासूनचे दिवस मोजून वर्ष काढत असे. दिवस ३६५हून जास्त आहेत तोवर एकेक वर्ष वजा करत जायचं. लीप वर्ष असेल तर दिवस ३६६हून जास्त असतील तरच वजाबाकी करायची. आता लीप वर्षाचा शेवटचा दिवस धरा. दिवस बरोबर ३६६. ते ३६५हून जास्त आहेत म्हणून फेरा सुटत नाही, ३६६हून जास्त नाहीत म्हणून वजाबाकी होत नाही. यंत्र गरगरत राहतं. उपाय काय, तर बॅटरी उतरू द्या आणि नवं वर्ष लागल्यावर चार्ज करा.

हे फंक्शन डझनभर ओळींचं आहे. एक घटक चाचणी, आकडा ३६६, आणि चूक मिळाली असती. पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे कोडने घड्याळाकडे स्वतः जाऊन तारीख विचारता कामा नये, ती त्याला बाहेरून देता आली पाहिजे. नाहीतर ही चाचणी घ्यायला चार वर्षांतून एक दिवस मिळेल. नवशिक्यांना मी हेच आधी सांगतो: घड्याळ, डेटाबेस, नेटवर्क यांना कोडच्या कडेला ठेवा, मध्यभागी नुसतं गणित राहू द्या. दुसरी गोष्ट म्हणजे ३६६ हा आकडा कुणाला तरी सुचावा लागतो.

न सुचणं किती महाग पडतं याचं मोठं उदाहरण १९९६च्या ४ जूनचं. एरियान-५ रॉकेट उडालं आणि सुमारे चाळीस सेकंदांत फुटलं. दिशादर्शनाचा कोड एरियान-४वरून उचललेला होता, तिथे वर्षानुवर्षं नीट चाललेला. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त. ६४ बिटांतली संख्या १६ बिटांत कोंबताना मावली नाही. नव्या रॉकेटच्या उड्डाणमार्गाचे आकडे घालून ती यंत्रणा कुणी तपासलीच नव्हती. गेल्या वर्षीच्या पेपरात पास झालेल्याला यंदा न तपासता वर चढवला.

२०१० उजाडेपर्यंत साधनांचा सुकाळ झाला. कोणी कोड जमा केला की हडसनसारखा सर्व्हर लगेच सगळ्या चाचण्या चालवायचा. आणि मग आली टक्केवारी. चाचण्या चालताना कोडच्या किती ओळींवरून पाय पडला, ते 'कव्हरेज'. एका क्लायंटने आम्हाला ८० टक्क्यांची अट घातली होती. तीन आठवड्यांत आम्ही ८३वर पोचलो. कसे, ते सांगतो. फंक्शन बोलवायचं आणि उत्तराकडे बघायचंच नाही, चाचणी पास. आकडा मॅनेजरच्या स्लाइडवर दिमाखात झळकला. तो खोटाही नव्हता, प्रत्येक ओळ खरंच चालून गेली होती.

दुसरा रोग 'मॉक'चा. खऱ्या डेटाबेसऐवजी तोतया उभा करणं ठीकच. पण आमच्यातल्या काहींनी प्रत्येक शेजाऱ्याचा तोतया केला. मग चाचणी तपासायची काय, तर अमुक तोतयाला तमुक हाक दोनदा मारली का. आतली रचना जरा बदलली, उत्तर तेच आलं, तरी पन्नास चाचण्या लाल. बेधडक बदल करता यावेत म्हणून आणलेली गोष्टच बदल अडवू लागली.

त्यामुळे एप्रिल २०१४मध्ये रेल्स या वेब-चौकटीचे कर्ते डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी 'आधी चाचणी' हा पंथ संपला असं जाहीर केलं तेव्हा पुष्कळांनी मनातल्या मनात हुश्श केलं. चाचणीच्या सोयीसाठी कोडचीच मोडतोड होते हा त्यांचा मुख्य आक्षेप. पुढे बेक आणि मार्टिन फाउलर यांच्यासोबत त्यांच्या जाहीर चर्चा झाल्या आणि त्या भांडणासारख्या झाल्या नाहीत, हे मला आवडलं.

पण तो मोसमच विलक्षण होता. फेब्रुवारीत अ‍ॅपलच्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही एक ओळ चुकून दोनदा पडलेली सापडली. त्यामुळे सर्व्हरची सही तपासण्याची पायरीच गाळली जात होती. एप्रिलमध्ये इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमधलं हार्टब्लीड हे भगदाड उघड झालं. समोरच्याने 'मी एवढी अक्षरं पाठवली' असं सांगितलं की सर्व्हर विश्वास ठेवून तितकी परत करायचा, स्वतःच्या मेमरीतली गुपितं घालून. पूर्वी गूगलमध्ये असलेल्या माइक ब्लँड यांनी दोन्ही चुका साध्या युनिट टेस्टने पकडून दाखवल्या. एकीत खोटी सही द्यायची, दुसरीत खोटी लांबी. दोन्ही प्रश्न अप्रामाणिक माणसाचे आहेत, आणि आपण चाचण्या लिहितो त्या सज्जन ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून.

प्रश्न सुचण्यात यंत्राची मदत घेण्याचे प्रयत्नही जुनेच. २०००मध्ये स्वीडनमधले क्लासेन आणि ह्यूज यांनी क्विकचेक केलं: तुम्ही फक्त नियम सांगा, उदाहरणं यंत्र काढेल. कोडमध्ये मुद्दाम चूक पेरायची आणि चाचण्या बोंब मारतात का बघायचं, ही म्युटेशनची कल्पना १९७०च्या दशकातली. संगणक स्वस्त झाल्यावर ती रोजच्या वापरात आली. आमच्या त्या ८३ टक्क्यांवर मी ती नंतर चालवून पाहिली. पेरलेल्या बहुतेक चुका शांतपणे पास झाल्या. आणि टोकाचं उदाहरण हवं तर एसक्यूलाइट. २०२३च्या सुमारास त्याचा कोड दीड लाख ओळींच्या थोडा वर होता आणि चाचण्यांचा कोड त्याच्या ५९० पट. प्रत्येक फोनमध्ये बसलेल्या डेटाबेसला ते परवडतं, परवडायलाच हवं. तुम्हा-आम्हाला एवढं नको.

गेल्या दोन-तीन वर्षांत चाचण्याही यंत्रच लिहू लागलं आहे. परवा एका पतसंस्थेच्या ठेवींचं मोड्युल हाती आलं. आमच्या एका पोरीने व्याजाचं फंक्शन एआयला दाखवलं आणि मिनिटभरात बेचाळीस चाचण्या मिळवल्या. नावं सुरेख, मांडणी आखीव. सगळ्या हिरव्या. हिरव्या असणारच, कोड बघूनच काढलेला पेपर तो.

मी तिला घेऊन पतसंस्थेत गेलो. काउंटरमागच्या बाई तिथे वीस वर्षं आहेत, रोजमेळ जुळल्याशिवाय घरी न जाणाऱ्या. आम्ही विचारलं, तुम्हाला कोणत्या ठेवींचा घोळ होतो? त्यांनी चष्मा वर केला.

"साहेब, एकतीस जानेवारीला एक महिन्यासाठी ठेवलेली रक्कम तुमच्या मशीनमध्ये कधी पिकते?"

पोरीने तिथेच लॅपटॉप उघडला आणि त्रेचाळिसावी चाचणी लिहिली. पट्टी लाल झाली. बाईंनी ती वाकून पाहिली आणि म्हणाल्या, "थांबा, अजून सांगते. वहीत लिहून ठेवलेत मी."