डेटाबेसखालचे कॉम्प्रेशन : तीन दशकांचा मागोवा

डेटाबेस सर्व्हरवरची जागा वाचवण्यासाठी डेटा दोन ठिकाणी दाबता येतो : डेटाबेसच्या आत, किंवा त्याच्या खाली फाइल सिस्टीममध्ये. दुसऱ्या पद्धतीत डेटाबेसला त्याचा पत्ताही नसतो. तो नेहमीसारखी पेजेस लिहितो आणि दाबणे-उलगडणे फाइल सिस्टीम करते. या पद्धतीकडे जाणकारांनी बराच काळ संशयाने पाहिले, आणि त्या काळी तो संशय रास्तच होता.

1990 चे ‘स्टॅकर’ आणि 1993 मध्ये एमएस-डॉस 6 बरोबर आलेले ‘डबलस्पेस’ ही घरगुती संगणकांची साधने होती. सर्व्हरच्या जगात ही सोय 1995 मध्ये विंडोज एनटी 3.51 च्या एनटीएफएसमधून आली. एनटीएफएस साधारणपणे 64 किलोबाइटचा गठ्ठा एकत्र दाबते, तर एसक्यूएल सर्व्हरचे पेज 8 किलोबाइटचे असते. एक पेज बदलले की सगळा गठ्ठा उलगडून पुन्हा दाबावा लागतो. वेळ जातो हे खरेच, पण त्याहून गंभीर धोका वेगळा आहे. लेखन अर्ध्यावर तुटले तरी शेजारची पेजेस शाबूत राहतील, या भरवशावर डेटाबेस उभा असतो. गठ्ठ्यामुळे तो भरवसाच उरत नाही. म्हणून मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हर 2005 मध्ये अशा डिस्कवर फक्त वाचनापुरत्या फाइलगटांना मुभा दिली.

चित्र बदलले ते सन मायक्रोसिस्टिम्सच्या झेडएफएसमुळे. 2005 मध्ये खुल्या झालेल्या या फाइल सिस्टीममध्ये जुना ब्लॉक जागेवर कधीच खोडला जात नाही. नवी प्रत नव्या जागी लिहिली जाते आणि मगच जुनी सोडली जाते. त्यामुळे दाबलेल्या ब्लॉकचा आकार वाढला तरी अडत नाही आणि अर्धवट लेखनाची भीतीही राहत नाही. पोस्टग्रेसमध्ये चेकपॉइंटनंतर प्रथम बदललेले प्रत्येक पेज लॉगमध्ये अख्खे लिहिले जाते. झेडएफएसवर ती खबरदारी बंद करता येते, हा जागेपलीकडचा मोठाच लाभ.

उरला प्रश्न वेगाचा. यान कोले यांचे एलझेड4 2011 मध्ये आले आणि 2013 मध्ये झेडएफएसमध्ये दाखल झाले. ते इतके चपळ आहे, की डिस्कवरून कमी बाइट वाचण्यात वाचलेला वेळ उलगडण्याच्या कष्टांपेक्षा बहुधा जास्त भरतो. न दाबता येणारा डेटा लक्षात येताच ते प्रयत्नही सोडून देते. 2017 च्या 0.7 आवृत्तीपासून लिनक्सवरच्या झेडएफएसमध्ये डेटा मेमरीतही दाबलेलाच राहू लागला आणि तेवढ्याच कॅशमध्ये अधिक पेजेस मावू लागली. अधिक घट्ट दाबणारे झेडस्टँडर्ड 2020 च्या ओपनझेडएफएस 2.0 मध्ये आले. क्वचित बदलणाऱ्या जुन्या नोंदींसाठी ते उत्तम.

खरी मेख मात्र आकारांच्या हिशेबात आहे. पोस्टग्रेसचे पेज 8 किलोबाइटचे, मायएसक्यूएलच्या इनोडीबी इंजिनचे 16 चे, झेडएफएसचा मूळ रेकॉर्ड (एकत्र दाबला जाणारा ब्लॉक) 128 चा आणि आजच्या डिस्कचा सेक्टर बहुधा 4 चा. पेजशी जुळावा म्हणून रेकॉर्ड 8 किलोबाइटचा केला, तर 5 किलोबाइटपर्यंत दाबलेले पेजही दोन सेक्टर, म्हणजे पुन्हा 8 किलोबाइटच अडवते. बचत शून्य! रेकॉर्ड 128 चा ठेवला तर डेटा छान दाबला जातो, पण छोट्याशा बदलासाठी सगळा रेकॉर्ड नव्याने लिहावा लागतो. सतत लेखन चालणाऱ्या डेटाबेससाठी 16 किंवा 32 हा मधला मार्ग समंजस ठरतो. अहवालांच्या डेटाबेसला 128 खुशाल द्यावा.

लिनक्सच्या बीटीआरएफएसमध्येही कॉम्प्रेशन आहे. पण विखुरणे टाळण्यासाठी डेटाबेसच्या फाइलींवर तिथे कॉपी-ऑन-राइट, म्हणजे झेडएफएससारखे प्रत्येक बदल नव्या जागी लिहिणे, बंद ठेवण्याचा प्रघात आहे, आणि ते बंद झाले की कॉम्प्रेशनही बंद होते.

पोस्टग्रेस मोठी मूल्ये 2001 च्या 7.1 आवृत्तीपासून स्वतःच दाबते. ती फाइल सिस्टीममध्ये पुन्हा फारशी दबत नाहीत. डेटाबेसनेच कूटबद्ध केलेला डेटा तर मुळीच दबत नाही. कूटबद्धता हवी असेल तर ती फाइल सिस्टीमकडे द्यावी, कारण तिथे आधी दाबणे आणि मग कूटबद्ध करणे हा क्रम पाळला जातो. शिवाय चालू सर्व्हरवर कॉम्प्रेशन सुरू केले तरी जुने ब्लॉक होते तसेच राहतात. नवे लेखन तेवढे दाबले जाते, आणि जुन्या डेटातली जागा मोकळी करायची तर टेबले पुन्हा लिहून काढावी लागतात.