आठ पोती आणि एका तोळ्याची गोळी

पुण्याच्या मार्केट यार्डात, गुलटेकडीच्या भुसार बाजारात, आम्ही आठवी-नववीची मुले घेऊन अधूनमधून जातो. मापनाचा धडा फळ्यापेक्षा तिथे चांगला समजतो. पोत्यांच्या थप्प्या, तोलणारांचे काटे, पाठीवर पोते घेऊन फळीवरून ट्रकात चढणारे हमाल असे सगळे एका जागी पाहायला मिळते. गेल्या खेपेला एका मसाल्याच्या दुकानदाराने मुलांना लहान काट्यावर गव्हाचे शंभर दाणे मोजून तोलू दिले. चार ग्रॅमच्या थोडे वर भरले. म्हणजे एक दाणा ४० मिलिग्रॅमच्या आसपास.

तेवढ्यात आठवीतल्या एका मुलाने विचारले, “ग्रेन म्हणजे धान्याचा दाणाच ना? माझा मामा अमेरिकेत असतो. तो हरणाच्या शिकारीला जातो. त्याच्याकडे काडतुसांच्या दोन पेट्या आहेत. एकीवर १५० ग्रेन लिहिलंय, दुसरीवर १८० ग्रेन. गोळीत धान्य असतं का? आणि हरणासाठी त्यातली चांगली कुठली?”

मुले हसली. एक मुलगी मात्र रागावून म्हणाली, “हरणं मारायचीच कशाला?”

प्रश्न तिन्ही चांगले होते. काट्यापाशी उभे राहून जे बोलणे सुरू झाले ते पुढे वर्गात दोन तास चालले. ते येथे थोडक्यात मांडत आहोत.

दाणा, गुंज आणि तोळा

गोळीत धान्य नसते, पण तिचे वजन मात्र दाण्यातच मोजतात. ‘ग्रेन’ हे इंग्रजी माप मुळात सातूच्या (जवाच्या) दाण्यावरून आले. आज त्याची किंमत ठरलेली आहे : १ ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, आणि ७००० ग्रेन म्हणजे १ पौंड. बियांवरून वजन ठरवण्याची रीत आपल्याकडेही होती. आपले सराफ गुंजेने सोने तोलत. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा.

गंमत पुढेच आहे. १८३३ साली ईस्ट इंडिया कंपनीने तोळ्याचे वजन नक्की केले, ते बरोबर १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. (आज सराफ ज्याला तोळा म्हणतात तो १० ग्रॅमचा, दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली आल्यानंतर तोच रूढ झाला.) तेव्हा मामाच्या दुसऱ्या पेटीतली प्रत्येक गोळी म्हणजे जुन्या मापाचा एक तोळा.

एक खुलासा येथेच करावा. बोलताना आपण सगळ्याच काडतुसाला गोळी म्हणतो. काडतुसात पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी असे चार भाग असतात. नळीतून बाहेर जाते ती फक्त गोळी. पेटीवरचे ग्रेन तिचेच.

हिशेब पोत्यांचा

१८० ग्रेनची गोळी हरणाच्या शिकारीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या रायफलीतून सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने निघते. नववीच्या पुस्तकातले सूत्र लावू :

गतिज ऊर्जा = १/२ × वस्तुमान × वेगाचा वर्ग
= १/२ × ०.०११६६ × ८२० × ८२० = सुमारे ३९२० ज्यूल

ही किती झाली? ५० किलोचे पोते १ मीटर उंच उचलायला ५० × ९.८ × १ = ४९० ज्यूल लागतात. ३९२० ला ४९० ने भागले तर ८ येतात. एका हमालाने आठ पोती जमिनीवरून ट्रकच्या फळीपर्यंत उचलली की जेवढे कार्य होते, तेवढी ऊर्जा एका तोळ्याच्या गोळीत असते.

आता मुलांना एक भाकीत करायला सांगावे. ही गोळी ५० किलोच्या टांगलेल्या पोत्यात शिरून आतच थांबली, तर पोते किती वेगाने मागे जाईल? आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी “उडून पडेल” असेच सांगितले. सिनेमात गोळी लागलेला माणूस काच फोडून मागे फेकला जातो ना!

येथे संवेग पाहावा लागतो. गोळीचा संवेग = ०.०११६६ × ८२० = सुमारे ९.६ एकक. संवेग अक्षय्य असतो, म्हणून पोत्याचा वेग = ९.६ ÷ ५० = सेकंदाला सुमारे १९ सेंटिमीटर. मुंगी नव्हे, पण रमतगमत चालणारा माणूससुद्धा याच्या कितीतरी पट भराभर जातो. एवढ्या वेगाच्या पोत्याची गतिज ऊर्जा काढली तर ती १ ज्यूलही भरत नाही.

मग बाकीचे ३९१९ ज्यूल गेले कुठे? दाणे फुटण्यात, गोळी चेपण्यात आणि उष्णतेत. पोत्याच्या जागी प्राणी असेल तर ही ऊर्जा मांस, रक्तवाहिन्या आणि हाडे फाडण्यात जाते. म्हणजे गोळी प्राण्याला ‘ढकलून’ मारत नाही. ती ऊर्जा कुठे आणि किती अंतरात सोडते यावर सारे अवलंबून असते. शिकाऱ्याची गोळीची निवड म्हणजे खरे तर याच गोष्टीची निवड.

१५० की १८०?

त्याच रायफलीतली १५० ग्रेनची गोळी हलकी असते, म्हणून जास्त वेगाने, सेकंदाला सुमारे ८९० मीटरने निघते. तिची ऊर्जा काढून पाहा : सुमारे ३८५० ज्यूल. दोघींत फरक नगण्य. कारण उघड आहे, ऊर्जा देणारी दारू जवळजवळ तेवढीच आहे.

फरक पडतो तो प्रवासात. हलकी गोळी लवकर पोचते, म्हणून वाटेत कमी खाली येते. जड गोळी हवेच्या विरोधाला कमी दाद देते आणि दूरवर वेग टिकवते. १८० ग्रेनची गोळी १०० मीटर जायला सुमारे ०.१२५ सेकंद घेते. तेवढ्या वेळात ती, हातातून सुटलेल्या लिंबाइतकीच, सुमारे ८ सेंटिमीटर खाली येते. २०० मीटरवर हाच आकडा सुमारे ३४ सेंटिमीटर होतो. अंतर दुप्पट, मग पडणे चौपट व्हायला हवे. येथे चौपटीहून थोडे जास्त का? विद्यार्थ्यांना विचार करू द्यावा. (वाटेत वेग कमी होत जातो, हे उत्तर.)

चितळाएवढ्या प्राण्यासाठी, नेहमीच्या अंतरावर, दोन्ही वजने पुरेशी ठरतात. शिकाऱ्यांच्या गप्पांत वजनावर वाद रंगतात, पण खरा प्रश्न वजनाचा नसून बांधणीचा असतो.

माणसाला मना, हरणाला सक्तीची

कठीण आवरणाची गोळी प्राण्यातून सुईसारखी आरपार जाते. लहान भोक पडते आणि बरीचशी ऊर्जा गोळीबरोबरच पलीकडे निघून जाते. प्राणी पळतो आणि झाडीत तासन्‌तास तडफडून मरतो. उलट फार मऊ गोळी कातडीशीच फुटते. जखम मोठी दिसते, पण हृदय-फुप्फुसांपर्यंत काही पोचत नाही. शिकारीच्या गोळीचे टोक म्हणून मऊ किंवा पोकळ ठेवतात. आत शिरताच ते छत्रीसारखे उमलते. व्यास दुप्पट झाला की छेदाचे क्षेत्रफळ चौपट होते, आणि गोळी आपली ऊर्जा आतच सोडते.

अशा उमलणाऱ्या गोळ्या १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यात सैन्यासाठी तयार झाल्या. त्यांच्या जखमा इतक्या भयंकर होत्या की १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात त्या वापरण्यास मनाई केली. आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. रायफलीची साधी सैनिकी गोळी पूर्ण आवरणाची असते, त्याचे एक कारण हेच. याउलट इंग्लंडचा १९९१ चा हरणांविषयीचा कायदा सांगतो की, हरणावर रायफल चालवायची तर गोळी मऊ किंवा पोकळ टोकाचीच हवी आणि नळीतून निघताना ऊर्जा २३०५ ज्यूलहून कमी नको.

हे परस्परविरुद्ध वाटते. पण सैनिक जखमी झाला तर त्याला उपचार मिळावेत, तो वाचावा, ही पहिल्या नियमामागची भावना. हरणाला दवाखाना नाही. मारायचेच तर झटकन मरावे, ही दुसऱ्यामागची. गोळी तीच, तिचे भौतिकशास्त्रही तेच. बदलला तो हेतू.

उरलेले शिसे

आता मामाच्या पेटीवर न दिसणारा प्रश्न. नेहमीच्या शिकारी गोळीचा गाभा शिशाचा असतो. शिसे जड (घनता ११.३), मऊ आणि स्वस्त. पण उमलताना त्याचे बारीक कण उडतात आणि जखमेपासून बरेच दूर मांसात जाऊन बसतात. ते इतके लहान असतात की दाताखाली येत नाहीत. क्ष-किरण चित्रात मात्र चांदण्यांसारखे दिसतात. २००८ साली अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात गरिबांसाठी दान केलेल्या हरणाच्या खिम्यात असे कण सापडले आणि ते मांस फेकून देण्याची सूचना आरोग्य खात्याला द्यावी लागली. त्यानंतर तिथल्या सातशेहून अधिक लोकांचे रक्त तपासले, तेव्हा शिकारीचे मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसे थोडे जास्त आढळले. वाढ लहान होती. पण लहान मुलांच्या मेंदूला निर्धोक अशी शिशाची पातळी आजवर सापडलेली नाही.

जे माणसाचे तेच पक्ष्यांचे. शिकारी आतडी रानात टाकून जातात आणि ती गिधाडे खातात. कॅलिफोर्नियाचे काँडोर हे महाकाय गिधाड १९८२ साली अवघे २२ उरले होते. पिंजऱ्यात वाढवून त्यांची संख्या वाढवली, तरी रानात सोडलेल्यांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण शिसेच ठरले. म्हणून कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. डेन्मार्कने २०२४ पासून. आपली गिधाडे गेली ती वेगळ्या विषाने. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक त्यांच्या मृतदेहांतून गिधाडांच्या पोटात गेले, आणि २००६ साली या औषधाच्या गुरांसाठीच्या वापरावर बंदी आली. विष निराळे, वाट मात्र तीच.

शिशाला पर्याय तांब्याचा. तांबे फारसे तुटत नाही, फुलासारखे उमलून अखंड राहते. पण त्याची घनता ९ च्या आसपास, म्हणून त्याच वजनाची गोळी जवळजवळ पाव भागाने लांब होते. लांब गोळी स्थिर ठेवायला तिला जास्त वेगाने फिरवावे लागते. भोवऱ्यासारखी ही फिरकी नळीतल्या पेचदार खाचा देतात आणि त्या तर बदलता येत नाहीत. म्हणून तांब्याची गोळी थोडी हलकी निवडतात. शिवाय तांबे कठीण, उमलायला वेग हवा. तेव्हा दुरून नेम धरण्याचा मोह टाळावा लागतो.

त्या मुलीचा प्रश्न

‘हरणं मारायचीच कशाला?’ आपल्या देशात याचे उत्तर कायद्याने दिले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवान्याने शिकारीला जागा होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती गेली. चितळ, सांबर, भेकर, काळवीट, चिंकारा यांपैकी कशाचीही हौसेखातर शिकार हा गुन्हा आहे. पुणे जिल्ह्यातच सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारे निर्धास्त चरताना दिसतात. अमेरिकेच्या मोठ्या भागात लांडग्यांसारखे शिकारी प्राणी माणसाने संपवले आणि हरणे बेसुमार वाढली. तिथली राज्ये म्हणून ठरावीक हंगामात परवाने देतात. एक बिघाड केला, त्याची ही दुरुस्ती. ती योग्य की अयोग्य यावर वर्गात जरूर चर्चा व्हावी. आमच्या वर्गात एकमत झाले नाही.

वर्गात करून पाहा

सायकलच्या दुकानातून एक मोठा छर्रा आणा. काट्यावर त्याच्याच वजनाची ओल्या शाडूची गोळी करा. ओल्या मातीच्या ताटलीत दोन्ही १ मीटर उंचीवरून सोडा. ऊर्जा सारखीच, मग खड्ड्याची खोली आणि रुंदी सारखी येते का? मोजा आणि तक्ता करा. शिशाचे तुकडे मात्र मुलांच्या हातात देऊ नयेत.

शेवटी मामाला काय कळवायचे ते वर्गाने मिळून ठरवले. १५० की १८० याचे उत्तर ‘दोन्ही चालतील’ एवढेच लिहिले. त्याखाली त्या मुलाने स्वतःच्या मनाने दोन ओळी घातल्या : “मामा, गोळी शिशाची आहे की तांब्याची? चिंगी अजून दोन वर्षांची आहे, आणि ते मांस तीही खाते ना?”