घरगुती अँटेना व त्याची केबल

पत्र्याच्या डब्याचा अँटेना करून लॅपटॉपचें वायफाय दूरवर पोहोंचविण्याचा उद्योग अनेक हौशी विद्यार्थी करितात. डबा मापानें निवडितात, तांब्याची कांडी बेतून बसवितात, आणि मग गच्चीपासून खोलीपर्यंत घरांत सांपडेल ती केबल जोडून मोकळे होतात. येथेंच बहुतेक श्रम व्यर्थ जातात. म्हणून केबलीविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही केबल कोॲक्सिअल जातीची असते. मधोमध तार, तिच्याभोंवतीं प्लास्टिक, त्यावर धातूची जाळी व वर कवच, अशी तिची रचना होय. इंग्लंडांत ऑलिव्हर हेविसाइड यांनीं १८८० सालीं हिचें पेटंट घेतलें. केबलींतून जातांना लहरींची कांहीं शक्ति उष्णता होऊन नष्ट होते, आणि कंपनें वाढलीं कीं हा क्षयहि वाढतो. वायफायच्या लहरी सेकंदास सुमारें २४० कोटि वेळां कंप पावतात. म्हणून रेडिओस चालणारी केबल येथें कुचकामाची ठरूं शकते.

हा क्षय डेसिबेलांत मोजितात. ३ डेसिबेल गेले म्हणजे निम्मी शक्ति गेली. बाजारांत सहज मिळणारी आर. जी. ५८ मीटरमागें सुमारें १ डेसिबेल खाते; म्हणजे १० मीटरांअंतीं दहावा हिस्साच उरतो! डब्यानें शक्ति दसपट केली, तरी ती सारी केबलीनेंच गिळिली म्हणावयाची. येणाऱ्या लहरींसहि हीच पट्टी भरावी लागते. आर. जी. १७४ ही बारीक केबल तर याच्या दुपटीनें खाते. उलट एल. एम. आर. ४०० इतक्याच लांबीस २ डेसिबेलांहून थोडेंच अधिक घेते. मात्र ती महाग, बोटाएवढी जाड व ताठ असते. लॅपटॉपच्या बाजूस वीतभर बारीक केबल जोडल्यावांचून तिचा ताण नाजूक जोडास सोसत नाहीं.

टी. व्ही.ची उरलेली आर. जी. ६ वापरावी काय? तिचा रोध ७५ ओहम व वायफायच्या साधनांचा ५० ओहम, म्हणून ती अनेकजण त्याज्य मानितात. आमच्या मतें हा दोष फार वाढवून सांगितला जातो. ह्या विजोडामुळें अवघी शेंकडा ४ शक्ति परत फिरते, आणि तिचा मीटरमागील क्षय आर. जी. ५८ च्या सुमारें एकतृतीयांश असतो. खरी अडचण निराळीच आहे: तिची ॲल्युमिनियमची जाळी डाग देण्यास दाद देत नाहीं, व योग्य जोड मिळणें कठीण.

पालकांनीं खर्चापूर्वीं आणखी एक मार्ग पाहावा. यू. एस. बी.चें वायफाय यंत्र डब्याच्या पाठीशींच बसवून खालीं यू. एस. बी. केबल आणावी. ५ मीटरपर्यंत हें उत्तम चालतें, आणि कोॲक्सिअल वीतभरच लागते. यंत्र मात्र पावसापासून झांकिलेलें हवें.

बाहेरच्या जोडांवर रबरी टेप घट्ट गुंडाळावी, कारण जाळींत पाणी शिरलें कीं चांगली केबलहि वायां जाते. खिडकीबाहेर केबलीस खालीं झोळ ठेवावा, म्हणजे पाणी तेथूनच गळून पडेल. विजा चमकण्यापूर्वींच केबल लॅपटॉपपासून सोडवावी. वादळ माथ्यावर आल्यावर गच्चीवर जाऊं नये.