हाकेचे नाव

आगाशीच्या जिनालयात मूलनायक श्री मुनिसुव्रतस्वामींच्या दर्शनास येणाऱ्या कुटुंबांना प्रभूंच्या नावामागील परंपरा ठाऊक असते. प्रभू गर्भात असता माता पद्मावतीदेवी मुनीप्रमाणे सुव्रता झाल्या, म्हणून पुत्राचे नाव मुनिसुव्रत. नावामागे असे कारण असले की ते पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते.

याच तीर्थाशी ज्यांची आठवण जोडली जाते, ते मुंबईचे व्यापारी शेठ मोतीचंद अमीचंद (निधन १८३६). पूर्ण नावाने त्यांना ओळखणारे आज थोडेच. ‘मोतीशा’ म्हटले की भायखळ्याचे देरासर आणि शत्रुंजयावरील टूक डोळ्यांपुढे उभी राहते. तोंडी बसणारे नाव लांब नावाला मागे सारते, ते असे.

घराघरांतही हेच घडते. आईवडील हौसेने आगळे लाडनाव शोधतात. पण आजी ‘बाबू’ म्हणते, शेजारीण ‘सोनू’ म्हणते आणि महिन्याभरात ते नाव कोणाच्याच लक्षात राहत नाही. १८५६ साली रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांचे जन्मनाव केशव, तरी घरातली ‘बाळ’ ही हाकच देशभर गेली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे खरे नाव रामकृष्ण विठ्ठल. ‘भाऊ’ ही त्यांची हाक, ‘दाजी’ ही वडिलांची. आज दोन्ही भायखळ्याच्याच राणीच्या बागेतील संग्रहालयाच्या नावात आहेत! साध्या हाकांचे बळ एवढे, तर आगळ्या नावाने त्यांच्यापुढे टिकावे कसे? ते दोन-तीन अक्षरांचे असावे, ओसरीवरून परसापर्यंत ऐकू जावे, आणि त्यामागची गोष्ट सर्वांआधी आजीला सांगावी. दिवसभर मुलाला हाक मारणारी तीच. तिच्या ओठी बसले की बाकीचे घर आपोआप वळते.

मात्र आगळेपणाच्या हौसेत ‘काळू’, ‘जाड्या’, ‘बुटक्या’ अशी नावेही रुजतात, आणि तीच अधिक चिवट ठरतात. दशवैकालिक सूत्रातील वाक्यशुद्धी अध्ययन काण्याला काणा, रोग्याला रोगी म्हणू नये असे सांगते. शब्द खरा असला तरी. मुलाला ते बोलून दाखवता येत नाही. पुढे तेच नाव शाळेत जाते, पेढीवर येते, लग्नाच्या बोलण्यांतही निघते. तेव्हा चारचौघांत हाक मारल्यावर मूल धावत येते की मान खाली घालते, हे पाहावे. मान खाली गेली, तर ते नाव त्याच दिवशी सोडावे, आधी थोरल्यांनी.