सात वर्षे आणि शेहेचाळीस वर्षे

शिकारीत छर्रे लागून १९८७ साली मरणाच्या दारात पोहोचलेल्या अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड यांनी १९८९ मध्ये फ्रान्सची महाशर्यत अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली. सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांची वाट त्याहून बिकट होती. सैन्यातील हा मुष्टियोद्धा १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली जायबंदी झाला. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. विजयाला सात वर्षे लागली. ‘पद्मश्री’ला त्यापुढे आणखी शेहेचाळीस! हजीऱ्याच्या तापीमुखाशी वाढणाऱ्या आपल्या मुलांना ही दोन्ही अंतरे सांगावीत. पहिले जिद्दीने कापता येते. दुसरे कमी करणे समाजाच्या हाती असते.