डोकी नका मोजू, चुली मोजा

परवा एका साखरपुड्याला गेलो होतो. जेवणं आटोपली, विडे फिरले आणि विषय घरांच्या किमतींवर आला. नवरा मुलगा नोकरीला अंधेरीत आणि घर शोधतोय बदलापुरात. लगेच एक काका म्हणाले, "जागाच कुठे उरलीय मुंबईत? रोज हजारो माणसं दादरला उतरतात. घरं पुरणार कशी?" सगळ्यांनी माना डोलावल्या. कार्य दुसऱ्याचं होतं म्हणून मी गप्प बसलो. पण हेच वाक्य मी रिक्षात ऐकलंय, सोसायटीच्या सभेत ऐकलंय, आणि शहर नियोजनावरच्या एका परिसंवादात चक्क अध्यक्षांच्या तोंडून ऐकलंय. तेव्हा आता लिहितोच.

आधी माणसांचं बघू. २००१च्या जनगणनेत बृहन्मुंबईत १ कोटी १९ लाख ७८ हजार माणसं होती. २०११मध्ये ती १ कोटी २४ लाख ४२ हजार झाली. दहा वर्षांत वाढ किती, तर चार टक्क्यांहूनही कमी. एखाद्या संथ तालुक्याला शोभेल अशी. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहर भागात तर माणसं वाढली नाहीत, उलट अडीच लाखांनी कमी झाली. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा (तेव्हा पालघरही त्यातच होतं) ३६ टक्क्यांनी वाढला. म्हणजे दादरला उतरणारे "लोंढे" मुंबईत मुक्कामाला फारसे राहिलेच नाहीत. आणि मुंबईतलेही कितीतरी उठून ठाणे, डोंबिवली, विरार, पनवेलला गेले.

हे आकडे जुने झाले, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. २०२१ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ची. पण महापालिकेचा २०३४पर्यंतचा विकास आराखडा करणाऱ्यांनीही लोकसंख्येचा अंदाज बांधला होता, आणि तो २०३४साठी सुमारे १ कोटी २८ लाखांचा आहे. २०११पेक्षा जेमतेम तीन-चार लाख जास्त. ज्या शहरात "माणसांचा पूर" येतोय असं आपण म्हणतो, त्या शहराचा आराखडाच लोकसंख्या जवळपास स्थिर धरून बेतलेला आहे.

"मग लोकलमध्ये पाय ठेवायला जागा का नसते?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. कारण शहरात झोपणारी माणसं वाढली नाहीत, तरी शहरात येणारी वाढली. विरारला राहून चर्चगेटला कामाला जाणारा गाडीत रोज तीन-चार तास उभा असतो. तो मुंबईत राहत नाही, मुंबईच्या वाटेत राहतो. गाडीतली गर्दी बघून शहराची लोकसंख्या ठरवायची म्हणजे पंगतीच्या दारातली रांग बघून आत किती पानं मांडलीत ते सांगण्यासारखं आहे.

मग माणसं फारशी वाढलीच नाहीत, तर घरं कमी का पडतात? इथे आपण सगळे एकच चूक करतो. घराची गरज डोक्यांवर मोजतो, पण घर डोक्याला लागत नाही, चुलीला लागतं. जनगणनेतली कुटुंबाची व्याख्याही हेच सांगते: एकत्र राहणारी, एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले की "चूल वेगळी केली" म्हणतात, ते काही उगाच नाही.

साधा हिशेब करा. सव्वा कोटी माणसं आणि घरटी पाच जण, तर पंचवीस लाख घरं लागतील. तीच सव्वा कोटी माणसं, पण घरटी चार जण, तर सव्वाएकतीस लाख. एकही पाळणा हलला नाही, एकही माणूस गावाहून आला नाही, तरी सव्वासहा लाख घरं जास्त लागली. मुलं कमी होतात, सुना-मुलगे वेगळे राहतात, म्हातारे आईवडील आपल्या जुन्या घरात राहतात, कुणी एकटं राहतं. भविष्यातली घरांची गरज बहुतांशी इथून येते.

माझ्या मामांची लालबागच्या चाळीतली खोली दहा बाय बाराची. वर पोटमाळा, दाराशी मोरी, संडास गॅलरीच्या टोकाला, आठ बिऱ्हाडांत दोन. त्या खोलीत मामा-मामी, थोरला मुलगा-सून आणि त्यांची दोन पोरं, आणि धाकटा मुलगा-सून. धाकट्याचं लग्न झालं तेव्हा पोटमाळ्याला पडदा शिवून घेतला, जाड, मरून रंगाचा, भोईवाड्याच्या शिंप्याकडून. रेशनकार्डं तीन. गॅसचे सिलिंडरही तीन, पण शेगडी एकच, ओट्यावर दुसरी मावतच नाही. सकाळी साडेपाचपासून त्या शेगडीवर पाळी लागते. जनगणनेच्या लेखी हे एकच कुटुंब, कारण शेगडी एक. मामींच्या लेखी तीन. आणि मामींचा हिशेब जास्त बरोबर आहे.

हे मी मनाने सांगत नाही. केंद्र सरकारने नेमलेल्या अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालच्या तांत्रिक गटाने २०१२मध्ये देशातल्या शहरांतली घरांची तूट मोजली. ती निघाली सुमारे १ कोटी ८८ लाख. त्यातले बेघर किती? जेमतेम पाच लाख. तुटीतला ऐंशी टक्के वाटा मामांसारख्या घरांचा होता, जिथे छप्पर आहे, पण लग्न झालेल्या एखाद्या जोडप्याला स्वतंत्र खोली नाही. आणि ही तूट कुणाच्या वाट्याला? पंचाण्णव टक्क्यांहून जास्त आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाच्या. मध्यमवर्गीयाला घर महाग पडतं, हे खरं. पण तुटीच्या खात्यात तो फारसा येतच नाही.

आता जागेचं. २०१७-१८च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत २०११च्या जनगणनेचा आधार घेऊन एक आकडा दिला आहे: बृहन्मुंबईत रिकामी घरं सुमारे ४ लाख ८० हजार. देशातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. दिल्ली आणि बेंगळुरू प्रत्येकी तीन लाखांच्या आसपास. साखरपुड्यातल्या काकांना हा आकडा सांगितला असता तर त्यांनी लगेच "मग ती वाटून टाका" म्हटलं असतं, म्हणून तेही स्पष्ट करतो. ही सगळी घरं कुणी दडवून ठेवलेली नाहीत. काही विकली न गेलेली, काही भावाभावांच्या वादात अडकलेली, काही दुरुस्तीला काढलेली. पण बरीचशी गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावलेली. दीड कोटीचा फ्लॅट भाड्याने दिला तर वर्षाला मिळणार त्याच्या दोन-तीन टक्के. एवढ्यासाठी भाडेकरूची डोकेदुखी कशाला, असा हिशेब. एका इमारतीत अर्ध्या खिडक्यांत दिवा नाही, आणि तिच्याच कुंपणाला लागून दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं. यातून "जागा नाही" एवढंच सिद्ध करायचं असेल, तर तसं करता येतं म्हणा.

भाडेकरूच्या डोकेदुखीतही एक गैरसमज दडलाय. "भाडेकरू घर बळकावून बसेल" ही भीती जुन्या पागडीच्या काळातली. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली होती, तेव्हा ती रास्त होती. १९९९च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यात लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याला दुप्पट शुल्क भरावं लागतं आणि मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. आणि हो, अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हेही खोटं. त्याच कायद्याप्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, नोंदणी सक्तीची आहे, आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची.

काकांचं दुसरं आवडतं वाक्य: "एफएसआय वाढवा, घरं आपोआप स्वस्त होतील." याला मी अगदीच खोटं म्हणणार नाही. मुंबईत अनेक दशकं एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक, फार कमी ठेवला, १९९१च्या नियमांत शहर भागात १.३३ आणि उपनगरांत १, आणि त्यामुळे बांधकामाला खीळ बसली, असं आलँ बर्तोसारखे नगररचनाकार वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. त्यात तथ्य आहे. खोटं आहे ते "आपोआप". आता रस्त्याच्या रुंदीप्रमाणे शहर भागात तीनपर्यंत एफएसआय मिळतो, पण मूळ निर्देशांकावरचा बराचसा अधिमूल्य भरून किंवा टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) विकत घेऊन. म्हणजे एफएसआय हा सरकार आणि पालिकेच्या उत्पन्नाचा मार्ग झाला, आणि त्याची किंमत घराच्या किमतीत जाऊन बसली. शिवाय मुंबईतलं नवं बांधकाम बरंचसं जुन्यावरच होतं. वरळीच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचं घर मिळतं. तिथल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये किल्ल्या मिळाल्या. हे चांगलंच झालं, पोटमाळ्यावरचा पडदा तरी काढता येईल. पण वाढवलेल्या एफएसआयचा मोठा भाग तिथे आधीपासूनच राहणाऱ्यांच्या घरांत जातो. उरलेला विक्रीचा. आणि विक्रीचं घर बांधणारा ते बदलापुरात घर शोधणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून बांधत नाही.

आता अशीच आणखी काही किरकोळ वाक्यं.

"आराखड्यात दहा लाख परवडणारी घरं आहेत, म्हणजे पालिका बांधणार." पालिका बांधत नाही. आराखडा कुठे काय आणि किती बांधता येईल ते सांगतो. पैसा आणि विटा दुसऱ्याच्या. २०१८मध्ये तो मंजूर झाला, तेव्हापासून या दहा लाखांची वाट बघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

"मिठागरं म्हणजे पडीक जमीन, तिथे घरं बांधा." भरतीचं आणि पावसाचं पाणी तिथे पसरतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, हे ज्यांनी कंबरभर पाण्यातून घर गाठलं त्यांना सांगायला नको.

"टॉवर म्हणजे गर्दी, चाळ म्हणजे मोकळं." भुलेश्वर-काळबादेवीच्या चार-पाच मजली जुन्या इमारतींत जमिनीच्या हिशेबाने जितकी माणसं राहतात, तितकी बऱ्याच चाळीस मजली टॉवरांत नाहीत. टॉवरचे खालचे कितीतरी मजले गाड्यांचे असतात.

"झोपडपट्टीवाले फुकट घर लाटतात." झोपडपट्टीच्याच जमिनीतून विक्रीची घरं निघतात, त्या नफ्यातून ते "फुकट" घर बांधलं जातं. १९९५मध्ये चाळीस लाख झोपडीवासीयांना घरं द्यायची घोषणा झाली होती. २०११मध्येही मुंबईत सुमारे ५२ लाख माणसं झोपडपट्टीतच होती. लाटायला इतकं सोपं असतं तर?

"म्हाडाचं घर म्हणजे नशीब." २०२४च्या मुंबईच्या सोडतीत दोन हजार तीस घरं होती, अर्ज लाखाच्या वर. आता नशीब म्हणायचं तर म्हणा.

परत मामांकडे. चाळीच्या पुनर्विकासाची बैठक गेल्या वर्षी गणपतीच्या मंडपात झाली. विकासकाचा माणूस लॅपटॉप घेऊन आला होता, पडद्यावर इमारत उभी करून दाखवली, क्लबहाऊससकट. मामांनी एकच विचारलं: "आमच्याकडे तीन बिऱ्हाडं आहेत. घरं किती?" तो म्हणाला, "काका, भाडेपावती किती?" पावती एक, मामांच्या वडिलांच्या नावाची, नंतर मामांच्या. नियमाप्रमाणे पावती एक तर घर एक. त्याचं चुकलं काहीच नाही; मामांच्या चाळीसारख्या जुन्या, उपकरप्राप्त इमारतींच्या नियमांत पात्रता भाडेकरूवर ठरते, चुलींवर नाही.

धाकटा आता बदलापुरात घर बघतोय. साखरपुड्यातल्या त्या नवऱ्या मुलाला त्याचा नंबर दिलाय, निदान दोघं एकाच गाडीने जातील. मामी म्हणते, तो पडदा त्याला देऊन टाकू, खिडकीला होईल.