गिअर उशिरा का पडतो?

1970च्या दशकातली एक अमेरिकन मोटार डोळ्यांसमोर आणा. तिचा गिअरबॉक्स स्वयंचलित आहे. पूर्वी ही गाडी पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये कधी गेली ते कळतही नसे. आता इंजिन बराच वेळ ओरडत राहते आणि मग जोराचा धक्का देऊन गिअर पडतो. अशा वेळी मालकाला बहुधा ऐकावे लागते, "गिअरबॉक्स संपला, दुसरा बसवा." हा सल्ला बरोबर असेलही. पण रबराच्या एका लहानशा नळीला चीर गेली तरी नेमकी हीच लक्षणे दिसतात! म्हणून आधी निदान, मग उपचार.

त्यासाठी गिअरबॉक्स 'निर्णय' कसा घेतो ते पाहू. उदाहरण म्हणून जनरल मोटर्सचा टर्बो हायड्रामॅटिक 350 हा तीन गिअरचा, 1969 पासून वापरात आलेला गिअरबॉक्स घेऊ. त्यात संगणक नाही. सारा कारभार तेलाच्या दाबावर चालतो. गव्हर्नर नावाच्या भागात फिरणारी वजने असतात. गाडीचा वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि त्या मार्गातला तेलाचा दाब वाढतो. हा दाब म्हणतो, "वरचा गिअर टाका."

दुसरी बातमी इंजिनावरील भाराची. ॲक्सिलरेटर सोडलेला असताना इंजिनाची हवेची वाट जवळजवळ बंद असते. त्यामुळे त्यापुढच्या नळीत, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, हवेचा दाब वातावरणापेक्षा बराच कमी असतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. मॅनिफोल्डपासून एक नळी गिअरबॉक्सवरच्या मॉड्युलेटरपर्यंत जाते. त्यातला पडदा हा फरक ओळखतो. फरक कमी, म्हणजे भार जास्त. मग तेलाचा दाब वाढवला जातो आणि वरचा गिअर लांबणीवर पडतो. वेग आणि भार यांच्या या रस्सीखेचीत वेगाची बाजू जिंकली की गिअर बदलतो.

आता नळीला चीर गेली तर? बाहेरची हवा आत शिरते. चालकाचा पाय हलका असूनही मॉड्युलेटरला वाटते की गाडी चढावर आहे. गिअर उशिरा पडतो आणि वाढलेल्या दाबामुळे क्लच धाडकन पकडतो. गिअरबॉक्स निर्दोष असतो; त्याला मिळालेली बातमी खोटी असते.

तेव्हा तपासणी सोप्याकडून अवघडाकडे करावी.

पहिली तपासणी तेलाची. या गिअरबॉक्समध्ये ती गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, इंजिन चालू, सिलेक्टर 'पार्क'मध्ये आणि तेल गरम असताना करतात. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, दाब नीट तयार होत नाही आणि क्लच स्लिप होतात. इंजिन पळते, गाडी पळत नाही. काळपट, जळकट वासाचे तेल मात्र क्लचच्या चकत्या जळाल्याचे सुचवते.

दुसरी तपासणी नळीची. इंजिन सावकाश चालू असताना तिचे मॉड्युलेटरकडचे टोक काढून बोट लावले तर जोराची ओढ जाणवायला हवी. ओढ नसेल तर नळी फुटलेली किंवा तुंबलेली असते, नाहीतर इंजिनच कमजोर झालेले असते. नळीत तांबडे तेल सापडले तर मॉड्युलेटरचा पडदा फाटला आहे. मग इंजिन ते तेल शोषून जाळते. जमिनीवर थेंबही नाही, तरी तेल घटते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो.

तिसरी तपासणी गव्हर्नरची. तो अडकला तर 'वेग वाढला' ही बातमीच पोचत नाही आणि गाडी पहिल्या गिअरमधून बाहेर पडत नाही.

एवढे सारे ठीक असेल तरच आतल्या क्लचवर संशय घ्यावा. येथे विद्यार्थ्यांना एक कोडे घालता येईल. फॉरवर्ड क्लच पुढच्या तिन्ही गिअरमध्ये लागतो. डायरेक्ट क्लच तिसऱ्यात आणि रिव्हर्समध्ये लागतो. पहिला व दुसरा गिअर ठीक आहेत, पण तिसरा आणि रिव्हर्स दोन्ही स्लिप होतात. दोषी कोण? गिअरबॉक्स न उघडता उत्तर मिळते: डायरेक्ट क्लच.

वर्गात एक प्रयोगही करून पाहा. सुया नसलेल्या दोन सिरिंज प्लास्टिकच्या नळीने जोडा आणि त्यांत पाणी भरा. एक दट्ट्या दाबताच दुसरा लगेच सरकतो. आता मध्ये हवेचा मोठा बुडबुडा सोडा आणि दुसऱ्या दट्ट्यावर बोट ठेवून पहिला दाबा. आधी हवाच दबते. दुसऱ्या दट्ट्यावर जोर उशिरा आणि कमी येतो. तेल कमी असलेल्या गिअरबॉक्सचे दुखणे हेच.

नंतरच्या गाड्यांमध्ये गिअरचा निर्णय संगणकाकडे गेला, पण त्यालाही वेगाची आणि भाराची बातमी लागतेच. म्हणून निदानाची रीत बदलत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, परिणाम पाहावा, मगच पुढे जावे. नळी, तेल आणि मॉड्युलेटर एकदम बदलले तर गाडी सुधारेलही, पण काय बिघडले होते ते मात्र कधीच कळणार नाही.